खळ

हायस्कूलचं प्रमाणपत्र आईने घरीच छापलं.
शाई संपत आली होती,
म्हणून ‘तिर्झा’ ठळक आणि आडनाव फिकट.
मुख्याध्यापिका, स्वयंपाकीण, सुईण –
सगळ्यांची सही एकच.
बाबांनी माझ्या डोक्यावर अंड्यांचा रिकामा ट्रे ठेवला
आणि भावंडं टाळ्या वाजवत राहिली
ओबेड दमेपर्यंत.
तो दमत नाही.

त्याला चौदा महिने झाले.
ज्या टेबलावर अपूर्णांक शिकले,
जिथे गुरुवारी आठ पावांची कणीक तिंबली जाते,
तिथेच न्याहारीचा पसारा आवरला की
मी माझं दुकान मांडते.

जुनी बायबलं बांधून देते मी.
पोस्टाने येतात, बुटांच्या खोक्यांतून,
उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली,
कणा मोडलेली, शिवण उसवलेली.
उत्पत्तीची पानं हाताळून मऊ झालेली असतात,
लेवीयपाशी कडा पुन्हा कोऱ्या.
कोण कुठे थकलं ते मला कळतं.
मी कुणाला सांगत नाही.

आतून काय काय पडतं:
बियाण्यांची पावती, जावळाची बट,
दाबून चपटं झालेलं डॉगवूडचं फूल.
प्रत्येकाला पाकीट, पाकिटावर पेन्सिलीने आकडा,
आणि परत त्याच पानात.

चामड्याला रंग घरचा.
गोठ्यामागच्या काळ्या अक्रोडांची टरफलं
तीन दिवस भिजत घालते,
मग ऑक्टोबर ते नाताळ माझी बोटं तपकिरी.
पाळकांच्या बायकोने हात मिळवताना
एकदा हळूच रुमाल पुढे केला होता.
तीच विचारते, “पुढे काय?”
जणू मी मागे उभी आहे.

पुढे रात्र असते.
पडवीत पांढरी चादर टांगते, दिवा लावते,
आणि चादरीवर बसणारे पतंग वहीत उतरवते.
लूना आला तर केझियाला उठवायचं, असं ठरलंय.
फिकट हिरवा, तळहाताएवढा,
खायला तोंडच नाही त्याला.
आठवडाभर जगतो तेवढ्यावर.

मार्चमध्ये कॅन्ससहून एक खोकं आलं.
सोबत चिठ्ठी, ऑर्फा लिंडक्विस्ट, अक्षर थरथरतं:
कुटुंबाच्या नोंदीचं पान तेवढं काढून टाकावं.
पानावर सात नावं.
पाचवं निळ्या शाईने इतकं खोडलेलं
की कागद पलीकडे फाटलाय.
दिव्यासमोर तिरकं धरलं
तर खालचं नाव उमटून दिसतं.
मुलीचं आहे. एवढंच सांगते.

आईला विचारलं.
ती कणकेतून हात न काढता म्हणाली,
“गिऱ्हाईक म्हणेल तसं.”
थोड्या वेळाने हात धुऊन आली,
आणि पान बराच वेळ बघत राहिली.

आमच्या घरच्या बायबलात कुणी काही खोडलेलं नाही.
जेडिडायाचं नाव आहे तिथेच आहे, बाबांच्याच अक्षरात.
तो टल्साला गेला तेव्हा ओबेड पोटात होता.
बाबा फक्त जेवणाआधीच्या प्रार्थनेत
ऍबनरवरून थेट माझ्यावर येतात.
मधे एक श्वास घेतात.
त्या श्वासाची लांबी आम्हां सगळ्यांना पाठ आहे.

पान मी काढलं.
धारदार सुरीने, शिवणीपासून, एकही धागा न दुखवता.
पाकिटात घातलं, आकडा टाकला: सात.
बायबलासोबत परत पाठवलं.
त्याचे पैसे लावले नाहीत.

त्या शनिवारी बाबा नाल ठोकायला लांब गेलेले,
प्रार्थना माझ्याकडे आली.
डोळे मिटून नावं घेत गेले,
ऍबनर म्हटलं,
आणि श्वासाच्या जागी
जेडिडाया म्हटलं.

कुणी हललं नाही.
फक्त ओबेडने डोळे उघडले,
तोंडातला चोरून खाल्लेला पाव तसाच ठेवून
ते नवं नाव मोठ्याने म्हणून पाहिलं,
मग पुन्हा एकदा.

आईने लोणी त्याच्याकडे सरकवलं.
“खळ उघडी राहिलीय, तिर्झा,” ती म्हणाली.
“झाक. वाळेल.”