अंगठीचं माप

हेमराज, सोन्याच्या दुकानात शिरण्याआधी
समिधाकडून मापाचा दोरा मागव.
अंदाजाने घेऊ नकोस अंगठी.

मुहूर्त काढण्याआधी मुदीरला विचार.
गुरुजी दुसरी तारीख काढून देतात,
पण जुलैत सगळ्यांनाच घरी जायचं असतं.

पगार सांगताना ओव्हरटाइम धरू नकोस,
रमजानात तो निम्मा होतो.
हे तिच्या वडिलांना नाही, तिला सांग.
फॅमिली व्हिसा आत्ता बसत नाही, हेही.
आणि बसलाच उद्या, तर
तिला यायचंय का, ते विचार.
फोनवर ही खोली दाखव: सहा पलंग,
गॅलरीत वाळणारे निळे डांगरी,
पडद्यापलीकडचं माझं घोरणं.
रोज कॉर्निशवर उभा राहून बोलू नकोस.

हॉलसाठी कर्ज काढू नकोस.
काढलंसच, तर हप्ता किती
तिला तोंडपाठ असू दे.
जेवणात मात्र हात आखडू नकोस,
लोक बँडवाला विसरतात,
गार भात विसरत नाहीत.

हसतोस काय?
मी यातलं एकही केलं नव्हतं.
इथेच रुवीत, रात्री दहाला,
दुकानदार अर्धं शटर ओढून उभा,
तेव्हा स्वतःच्या करंगळीत घालून बघितली
आणि घेतली.

सुगंधाला ती सैल झाली.
आतून दोरा गुंडाळून घालते, बावीस वर्षं.
दोरा झिजतो, काळा पडतो.
सुटीत गेलो की पहिल्या रात्री
ती हात पुढे करते,
मी चष्मा शोधतो.