बाधित

नोटीस मी तीनदा वाचली,
दोनदा मनात, एकदा मोठ्यानं,
खडीमशीनवर आवाज चढवून:
"खाणीच्या परिघात राहणारे, सबब बाधित."

भीमव्वा अलकुंटे म्हणाली, बाधित म्हणजे?
बाधा आम्हाला ठाऊक आहे.
अमावस्येला विहिरीवर गेलं की होते,
लिंबू उतरवलं की जाते.
ही कशी उतरवायची?

मी म्हटलं, अर्ज करायचा.

वाघोलीच्या मागं, जिथं डोंगर होता
आणि आता डोंगराएवढा खड्डा आहे,
तिथं आमची पत्र्याची पस्तीस घरं.
सुरुंगाला साडेबाराची वेळ.
भिंतीवरचा काटा तेव्हा उडी मारतो,
म्हणून घड्याळ दर रविवारी मागं लावायचं.
पोरं ताट उपडं घालून ठेवतात,
धूळ बसली की मग जेवायला बसतात.
हे कुठल्या कलमात येतं, मला सापडलं नाही.

कलमात अंतर येतं.

कलेक्टर कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
गालात सुपारी धरून ताम्हनकर साहेबांनी
शाळेतल्यासारखा कंपास उघडला,
टोक खाणीवर रोवलं, पेन्सिल फिरवली.
रेघ आमच्या घरातून गेली.
चूल आत आली. हंडा आत आला.
बापाची खाट बाहेर राहिली,
आणि तो खोकतो खाटेवरच.

साहेब वाईट नव्हते. चहा सांगितला.
म्हणाले, बाई, व्याख्या मी केलेली नाही,
मी फक्त फिरवतो.
मग विचारलं, रहिवासाचा पुरावा?

पुरावा होता.
भीमव्वाच्या तळहातावर होता,
पण त्याची झेरॉक्स निघत नाही.
खराडीला अठरा मजले उभा होता,
पण त्यावर दुसऱ्याचं नाव.
शेवटी माझ्या शाळेच्या दाखल्यावर भागलं.
पत्ता: दगडखाण, पुणे.

पाण्याची टाकी मंजूर झाली.
दवाखान्याची गाडी, महिन्यातून दोनदा.
आली. खरंच आली, खोटं कशाला बोलू.
डॉक्टरीणबाईंनी बापाच्या छातीला नळी लावली
आणि खाट रेघेच्या कुठल्या बाजूला, हे विचारलं नाही.

दिवाळीनंतर खाण बंद पडली.
दगड संपला म्हणे, किंवा परवाना.
भीमव्वा म्हणाली, उतरली वाटतं बाधा.
घड्याळ आता बरोबर चालतं,
त्याचीच भीती वाटते.
खड्ड्यात पाणी साठलं, हिरवंगार.
पोरं पोहायला जातात.
मार्गशीर्षात एक वर आलं नाही.
गाडीही येईनाशी झाली.

मी पुन्हा दुसरा मजला चढले.
साहेब बदललेले. नव्या मॅडम, नवं कपाट.
त्यांनी नकाशा उलगडून खिडकीकडं धरला.
म्हणाल्या, खाण चालू नाही, म्हणजे मध्यबिंदू नाही.
मध्यबिंदूच नाही, तर परिघ कुठून काढू?

खरं होतं त्यांचं. भूमितीत बसत होतं.

पण कागद उजेडात होता,
आणि जिथं कंपासचं टोक रोवलं होतं
तिथून उन्हाचा एक बारीक ठिपका
त्यांच्या टेबलावर पडला होता.

मी अर्ज तिथं ठेवला.