लेसे-पासे

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
मी पासपोर्ट मोजले.
छत्तीस पानं, शिवण सरळ, आकडा जागेवर.
बोट जिभेला नाही, स्पंजला लावायचं.
नाव नाही, फोटो नाही, अशा कोऱ्या वह्या
लाखांनी गेल्या हाताखालून
आणि सुटी झाली की गेटवर खैरनार
माझाच डबा उघडून बघायचा,
पोळीची घडीसुद्धा उलगडून,
मग म्हणायचा, जाऊ द्या यांना.

अभिमनचा पासपोर्टही इथलाच.
मी मोजला असेल, नसेल.
बोअरच्या गाडीवर गेला आबिजानकडे.
फोनवर सांगायचा, दादा,
इथं तीनशे फुटांवर पाणी लागतं,
पोरं नुसती नाचतात.

परत आला तो एका कागदावर.
सहारच्या कार्गोत सही केली.
पेटीवर टेपनं चिकटवलेलं एकच पान,
वर जाड दोन शब्द, मध्ये आडवी रेघ.
बोट सवयीनं कडेवर गेलं :
शिवण नाही, वॉटरमार्क नाही.
असा माल आम्ही बाद करायचो.

देवळाली कॅम्पात खोर्शेदबाई दुबाश
शाळेत फ्रेंच शिकवायच्या.
साखळीचा चष्मा लावून वाचलं त्यांनी.
‘लेसे-पासे. शेवटचा र खायचा.
पासपोर्टातला पास तोच.’
म्हणजे परवाना?
‘परवानाच. पण शब्द बघ ना,
वाटेतल्या सगळ्यांना सांगतोय,
जाऊ द्या.’
मग बराच वेळ त्या
बशीतल्या खारी बिस्किटाकडे बघत राहिल्या.

दहाव्याला दसकच्या घाटावर
जो तो माझा हात धरून तेच म्हणाला,
जाऊ द्या आता.
सोनांब्याचे मामा दोनदा म्हणाले.

आई नाही म्हणाली.
तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं.

आठ वर्षांपूर्वी त्याचा पासपोर्ट तिनं
बाजरीच्या पिठाच्या डब्यात
पार तळाशी खुपसला होता.
मीच हात घातला कोपरापर्यंत.
मीच पीठ झटकलं, पानं उलटून पाहिली,
सगळी शाबूत,
आणि तिला म्हणालो,
जाऊ दे गं त्याला.

कागद माझ्या कपाटात आहे.
एकाच प्रवासाला चालतो, असं खाली छापलंय म्हणे.
रात्री कधी काढतो.
स्पंज नाही घरात, बोट कोरडंच.
मोजतो. एक.
परत मोजतो.