शंभराला एक मनुका

दोंदे आले ते गोधडीत काहीतरी गुंडाळून.
मला वाटलं, दुधी भोपळा.
निघाली काचेची नळी, गोल तोंडाची, लांब मानेची,
भद्रकालीत अन्वरशेठच्या भंगारात
वजनावर मिळालेली.
"बाकी सगळं जमवलंय," म्हणाले,
"गुंडाळणं तेवढं माझ्या हाताला येत नाही."

माझ्या हाताला दुसरं काही आलंच नाही.
सातपूरला एकवीस वर्षं, वाइंडिंग खातं,
खिडकीकडचं तिसरं मशीन.
केसाएवढी तार, चिमटीत फडक्याचा तुकडा,
ताण एवढाच की तार गुणगुणेल, तुटणार नाही.

आधी फोकसची कॉइल.
बांगडीच ती, पण मानेत घालायची.
शिलाई मशीनच्या चाकाला लाकडी रीळ लावलं.
बत्तीसशे वेढे, थराथरात पातळ कागद,
आणि शंभर भरले की ताटलीत एक मनुका.
(कारखान्यात काडेपेटीच्या काड्या असायच्या.)
दोंदे समोर बसून व्होल्टेजचं सांगत होते,
सांगता सांगता ताटलीतली उचलून खाल्ली.
एक की दोन?
त्यांनाही आठवेना.
"शंभर इकडे की तिकडे, करंट कमीजास्त करू.
नळीला काय कळतंय."

नळीला नाही कळत.

एकोणनव्वदच्या मार्चमध्ये
तपासणीतून एक रीळ परत आलं. ऐंशी वेढे कमी.
चिठ्ठीवर आकडा सतरा.
सतरा म्हणजे हौसा कोठुळे.
माझ्या चिठ्ठ्या त्या दिवशी संपल्या होत्या,
तिच्या पुडक्यातून मी दोन घेतल्या होत्या, विचारून.
"घे की," म्हणाली होती.
सुपरवायझरसमोर तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं.
मी तारेचं टोक शोधत होते.
तिचा बोनस गेला. दिवाळीनंतर ती अंबडला लागली,
दुसऱ्या बसने जायला लागली.

रात्री रीळ उलटं फिरवलं, मोजत.
तेहतीसशे.
एकच खाल्ली होती.
पहाटेपर्यंत पुन्हा गुंडाळलं. बत्तीसशे.

डिफ्लेक्शनच्या कॉइलचं निराळं.
फळीवर खिळे ठोकून चौकोनी गुंडाळायच्या,
दोऱ्याने आवळून, अलगद उचलून,
मेणात बुडवून कोमट असतानाच
मानेच्या गोलाईवर वाकवायच्या, खोगिरासारख्या.
दोन वरखाली, दोन डावीउजवीकडे.
वाकवताना वार्निश तडकलं
तर आतल्या आत वेढा वेढ्याला भिडतो.
बाहेरून काही दिसत नाही.

रविवारी सिडकोत, त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत,
दिवे घालवून खटका ओढला.
काचेवर मळक्या फडक्याने पुसल्यासारखा
हिरवा डाग.
दोंद्यांनी बटण फिरवलं. डाग पिळवटला, आक्रसला,
मोहरीएवढा झाला.
मग धावू लागला इतका की रेघ झाली, रेघांची अक्षरं.
माझं नाव लिहून ठेवलं होतं त्यांनी,
ते उमटलं आरशातल्यासारखं उलटं.

"टोकं अदलाबदल झाली," ते हसले. "कुणाची चूक ही?"
"माझी," मी म्हणाले.

केवढासा शब्द.
खाली रस्त्यावर कुल्फीवाल्याची घंटा वाजत होती,
ती वाजतच राहिली.

टोकं बदलली. मुक्ता निमसे, सरळ.
"आता काय काढू?"
"सतरा काढा."
का ते त्यांनी विचारलं नाही.
एक आणि सात, हिरवे, जरासे थरथरणारे.
काठाला वाकडे. तेवढं चालतं, म्हणाले.

बंद करताना मात्र घाई केली त्यांनी,
आधी उजेड उतरवला, मग धाव थांबवली.
"ठिपका एका जागी राहू द्यायचा नाही, ताई.
तिथली काच कायमची जळते."

उरलेल्या मनुका पुडीत बांधून घेतल्या.
अंबडची बस सकाळी किती वाजता असते हल्ली,
कुणाला तरी विचारायला हवं.