कुठल्या मेंढराची

राधानगरीकडची बाई होती.
आली ती बाही वर सरकवूनच.
कोपराखाली नाण्याएवढा डाग, अजून ओला.
"चुलीम्होरं बसल्ते," म्हणाली, "ठिणगी उडली.
घोंगडं पेटलं न्हाई ओ. वितळलं.
आन् हितं चिकाटलं."

मी गल्ला उघडत होतो, पैसे परत द्यायला.
तिनं घोंगडं काउंटरवर ठेवलं,
आमचं लेबल वर येईल असं:
अस्सल पट्टणकोडोली. शुद्ध लोकर.
"पैसं ऱ्हाऊंदेत. येवढंच सांगा,
ही कुठल्या मेंढराची?"

लेबलं मीच छापून घेतलेली, उद्यमनगरात.
हजाराच्या खाली प्रेसवाला घेत नाही, म्हणून हजार.
गठ्ठे यायचे उत्तरेकडून, ट्रकनं.
दलाल फोनवर बोलायचा, मी मान डोलवायचो,
फोनवर डोलवलेली मान कुणाला दिसते?
अण्णा कापड चिमटीत धरून गिरणीचं नाव सांगायचे.
मला दलालाचं नाव माहीत होतं.
तेही अर्धंच.

रविवारी पट्टणकोडोलीला गेलो, ते घोंगडं काखेत मारून.
इराप्पा सणगर मागाच्या खड्ड्यात, कमरेपर्यंत.
चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास.
त्यानं माझ्या घोंगड्याचा एक दोरा उपसला, काडी लावली.
दोरा आक्रसला, काळा मणी झाला,
नखानं फुटेना.
मग स्वतःच्या मागावरचा एक.
तो तडतडला, आपोआप विझला,
चिमटीत राख, आणि वास
चुलीपुढं वाकताना बट जळते, तसा.
"जितं हुतं, त्याचाच वास येतोय असा,"
एवढं म्हणून तो पुन्हा पायट्यावर.

मी भाव विचारला. त्यानं सांगितला.
तोंडातून निघून गेलंच: "आणि दहा घेतली तर?"
धोटा थांबला नाही.
"दहा घ्याला दहा हायत कुठं?
पोरगं एमायडीसीत. तायव्वाची बोटं आखडल्यात, सूत तीच काततीया.
वर्साला पंधरा निघत्यात.
लोकरीचं धुळाला इचारा, माळावर हाय."

धुळा हसला नुसता.
"लोकर? कातरायला पैसं मोजतो, सायेब,
आन् लोकर वढ्यात सोडतो. कोण न्हेतंय?"
ओढ्याकाठच्या बाभळींना अडकली होती,
काळी, गठ्ठ्यागठ्ठ्यानं,
काट्यांत वाळत.
लेबलावर होती, दुकानात नव्हती,
ती इथं होती.

उरलेल्या बेचाळीस नगांवर
मी हातानं लिहिलं: अॅक्रिलिक. चुलीपासून लांब ठेवा.
भाव निम्मा केला.
ती आधीपेक्षा भराभर खपली.
हे कुणाला सांगावं, कळेना.

इराप्पाची तीन आली दिवाळीनंतर.
दोन दर्शनी फळीवर आहेत, अजून आहेत.
तिसरं जावळाचं, कोकराच्या पहिल्या केसांचं,
ते कागदात गुंडाळून वर ठेवलंय.
राधानगरीच्या त्या बाईचं
मी नावच विचारलं नव्हतं.

गल्ल्यापाशी आता काडेपेटी असते.
गिऱ्हाइकं विचारतात, शेठ, विडी कधीपासून?

खरेदीच्या वहीत, भावाच्या शेजारी,
एक नवा रकाना आखलाय.
तीन ओळींपुढं नावं आहेत: धुळा, तायव्वा, इराप्पा.
त्याखाली चारशे ओळी.
पॉपलीन. परकराचं कापड. लेगिंग्ज, सात रंग.
इचलकरंजीचे टॉवेल,
त्या मागावर रात्री कोण उभं असतं, कापूस कुठला,
रंगाचं पाणी कुठल्या ओढ्यात जातं.
तिथं सगळीकडं पेन्सिलनं: विचारायचंय.

काल टॉवेलवाल्याला विचारलं.
तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला,
"तब्येत बरी हाय न्हवं तुमची?"

बरी आहे म्हटलं.
पेन्सिल तासून ठेवलीय.