तिसऱ्या दिवशी गोदावरी

शहागडचं आमचं ग्रंथालय ड वर्गाचं.
सोसायटीच्या गोदामावर एक खोली,
युरियाचा वास पायऱ्या चढून वर येतो,
आणि संध्याकाळी पाच ते आठ
मी लोकांना शतकं वाटते.
परत करायला पंधरा दिवस.
उशीर झाला तर रोज पन्नास पैसे.

कन्याशाळेच्या टाकसाळे बाई सध्या विजयनगरात आहेत.
तिथल्या हत्तीखान्यातून त्यांना
घरी यावंसंच वाटत नाही.
दिगंबर टेलर पेशव्यांच्या पुण्यात गेला
की हाका मारून उपयोग नसतो,
परवा त्यानं सरपंचाच्या सदऱ्याला
अंगरख्याचे बंद लावून ठेवले.
अर्शिया बारावीला आहे.
सातवाहनांच्या राणीपायी
तिचं जीवशास्त्र अर्ध्यावर राहिलंय,
तिच्या अम्मीला हे माझ्याकडून कळणार नाही.

मुंजाजी भोई मात्र वेगळं गिऱ्हाईक.
त्याचा आजा इथल्या घाटावर नाव चालवायचा,
माणशी एक पैसा, हाली सिक्क्याचा.
मुंजाजी पुस्तक उघडतो आणि नदी शोधतो.
राज्याभिषेक, कट, विषाचे पेले,
महालाच्या सज्जातलं चांदणं,
सगळं थुंकी लावून मागं टाकतो.
नदी सापडते. बहुतेक पुस्तकांत सापडतेच.
'तिसऱ्या दिवशी फौजेने गोदावरी ओलांडली.'
एवढंच.
पुढच्या वाक्यात घोडे थेट बुऱ्हाणपुरात.

म्हणजे आमचं गाव
दोन वाक्यांच्या मधल्या
पूर्णविरामाएवढं.

मग तो पेन्सिल जिभेला लावतो
आणि समासात लिहितो:
कोन्या उतारावरून?
पानी किती व्हतं?
चाळीस हजार घोडं म्हनता, नावा किती?
एका खेपेला आठ. हिशोब करा.
भादव्यात तर बापजन्मी जमनार न्हाई.
उतराईचे पैसे कोनी दिले?

नियम सातवा: पुस्तकात काहीही लिहू नये.
पहिलं वर्षभर मी खोडत होते.
रबराचा भुगा फुंकताना वाटायचं,
माणसं उडून चाललीत टेबलावरून.
नंतर रबर हरवलं.
हरवलं असंच मी सांगते.

एकदा एका जाडजूड कादंबरीत
खरंच नावाडी निघाला.
म्हातारा. बिननावाचा.
सरदारापुढे हात जोडून उभा,
आणि सरदारानं त्याला सोन्याचं कडं काढून दिलं.
मुंजाजी खोकला येईस्तोवर हसला.
'सोन्याचं कडं! आमच्या घरात असतं
तर म्या हितं फुकटात वाचीत बसलो असतो व्हय?'
मग गप्प झाला. बराच वेळ.
त्या ओळीच्या शेजारी त्याचं अक्षर आहे,
थरथरतं, पण ठसठशीत:
हात जोडले नसतील.
एका हातात वल्हं असतंय.

या उन्हाळ्यात पात्रात पाणी नव्हतं,
वाळूचे हायवा रात्रभर जात होते.
एका खड्ड्यातून त्याला खिळा मिळाला,
वीतभर, गंजानं सोललेला, चौकोनी डोक्याचा.
माझ्या रजिस्टरवर ठेवून म्हणाला,
'याला दाखल क्रमांक दे.'
मी विचारलं, कुठल्या काळातला असेल, मुंजाबाबा?
यादवांच्या? मोगलांच्या? निजामाच्या?
त्यानं खिडकीतून खाली पाहिलं.
'पानी व्हतं त्या काळातला.'

तो काळ आमच्या कपाटात नाही.
खिळा आहे. पावत्यांवर ठेवते,
पंखा सुरू केला की उडतात म्हणून.

अनुदानाच्या तपासणीला साहेब आले.
पुस्तकं मोजली, जाळ्या मोजल्या,
जाडजूड कादंबरी नेमकी तिथेच उघडली
आणि चष्मा वर करून म्हणाले,
या पानाची अशी अवस्था कुणी केली?

मी म्हटलं, साहेब,
चाळीस हजार घोडे गेलेत त्यावरून.