गड्ड्यावरचा भूतबंगला

होम मैदानात, आकाशपाळण्याच्या मागं,
तीस रुपये तिकीट.
आत शिरले तर समोर आमचंच कपाट,
दिवाळीआधी इरण्णा भंगारवाल्याला
साडेचारशेला दिलेलं.

काळा रंग फासलाय. दाराला दोरी.
चादरीच्या उरल्या सुताचं कोळ्याचं जाळं.
करकरायला मात्र त्याला
कुणी शिकवलं नसणार;
बावीस वर्षं म्हणत होते मी,
बिजागरीला तेल घाला हो.

पोरं किंचाळली.
आतून सांगाड्याचा टी-शर्ट घातलेलं पोरगं
अंगावर झेपावलं.
मी आरशाच्या कोपऱ्यात बघत होते :
रंगाच्या ब्रशातून सुटलेली
माझी एक टिकली,
मोठी, लाल,
त्यांच्या वेळची.

"भ्या वाटंना का ओ काकू?"
सांगाड्यानं हळूच विचारलं.

"वाटलं की," म्हणाले,
"जरा उशिरानं."